मुलग्यांना मैदानावर पाठवू नका

शाळेत आरोग्य विभागाचे पथक येते. आठवी ते दहावीच्या मुलींना एका वर्गात बसवले जाते, खिडक्या लोटून घेतल्या जातात आणि मुलग्यांना 'तुम्ही खेळायला जा' म्हणून मैदानावर पाठवले जाते. तासाभराने मुली सॅनिटरी पॅडचे पाकीट दप्तरात दडवून बाहेर येतात. मुलग्यांना एवढेच कळते, की आत काहीतरी झाले आणि ते आपल्याला सांगण्यासारखे नव्हते. रायगडच्या किनाऱ्यावर उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच काय, राज्यातल्या कोणत्याही शिक्षिकेला हे चित्र ओळखीचे वाटेल. त्यामागचा हेतू चांगलाच असतो. मुलींना मोकळेपणाने बोलता यावे, एवढीच त्यामागची इच्छा. पण त्या एका तासात मुली नकळत शिकतात, की पाळी ही लपवण्याची गोष्ट आहे. आणि मुलगे शिकतात, की शरीर, आरोग्य, लग्न, मूल या साऱ्याशी आपला संबंध नाही.

किशोरवयीनांच्या आरोग्यशिक्षणाबाबत गेल्या दोन दशकांत जगभर झालेल्या अभ्यासांचा कल नेमका याच्या उलट आहे. शरीराची माहिती आवश्यक आहेच. पण मुलगा आणि मुलगी यांच्याकडून समाज वेगवेगळी अपेक्षा का करतो, घरात निर्णय कोण घेतो, नकार देण्याचा अधिकार कुणाला असतो, हे प्रश्न त्या तासात आले तरच त्याचा आरोग्यावर ठोस परिणाम दिसतो. यालाच लिंगभाव-संवेदनशील आरोग्यशिक्षण म्हणतात.

शब्दांतच दडलेली लाज

या विषयाची पहिली अडचण शब्दांची आहे. पाळीसाठी घरोघरी वापरले जाणारे शब्द पाहा: कावळा शिवला, बाहेरची झाली, अडचण आली, विटाळ. जननेंद्रियांना 'गुप्तांग' म्हणायचे आणि त्यांच्या आजारांना 'गुप्तरोग'. मुलग्यांच्या वाट्याला येतो 'स्वप्नदोष'. वयात येणाऱ्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होणे ही मुलीला पाळी येण्याइतकीच नैसर्गिक घटना आहे. तिच्यात आजार नाही, अशक्तपणा नाही. तरीही नावातच 'दोष' असल्याने तेरा-चौदा वर्षांचा मुलगा स्वतःला दोषी समजू लागतो. मग भिंतींवरच्या 'शर्तिया इलाज'वाल्या जाहिराती त्याच भीतीवर धंदा करतात.

म्हणून पहिल्या तासाचे काम साधे आहे. अवयवांची आणि क्रियांची नावे कान-डोळ्यांच्या नावांइतक्याच सहजपणे उच्चारायची. योनी, गर्भाशय, शिश्न, वृषण, पाळी, वीर्य. पहिल्या दोन-तीन वेळा वर्गात हसू फुटते, नंतर थांबते. नावे ठाऊक असण्याचा फायदा पुढे दिसतो. नको तिथे हात लावला गेला, तर मूल नेमके काय घडले ते सांगू शकते. दुखत असेल, तर डॉक्टरांना जागा सांगू शकते.

मुलग्यांच्या मौनाची किंमत

मौनाचा फटका मुलींना बसतो, हे आता बहुतेकांना पटते. मुलग्यांनाही तो बसतो, याचे एक उदाहरण प्रत्येक शाळेत सांगायला हवे. किशोरवयात कधी कधी वृषणाला पीळ पडतो आणि त्याचा रक्तपुरवठा बंद होतो. अचानक तीव्र वेदना, सूज, मळमळ किंवा उलटी ही त्याची लक्षणे. साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर वृषण वाचण्याची शक्यता चांगली असते. जितका उशीर, तितकी ती घटते. मुलगा लाजेने रात्रभर कळ सोसतो आणि 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतो. किनाऱ्यावरच्या गावातून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंतच्या प्रवासातच मोलाचा वेळ जातो. त्यात लाजेचे तास मिळवले, की अवयव गमावण्याची वेळ येते.

मुलग्यांचे इतर प्रश्नही न विचारलेलेच राहतात. मिसरूड अजून का फुटत नाही, आवाज का घोगरा झाला, हस्तमैथुनाने कमजोरी येते का (येत नाही), मोबाइलवर पाहिले ते खरे असते का. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शाळेने आणि घराने दिले नाही, तर अश्लील चित्रफितीच ते देतात. त्या चित्रफितींमध्ये संमती विचारली जात नाही, नकार ऐकला जात नाही आणि गर्भधारणा किंवा आजार यांचा उल्लेखही नसतो. मैदानावर पाठवलेल्या मुलाचा शिक्षक शेवटी हातातला फोन होतो.

धडा पोहोचण्याआधीच शाळा सुटते

राज्य मंडळाच्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननसंस्थेचा सविस्तर भाग दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात येतो. दहावीपर्यंत मुले पंधरा वर्षांची होतात. मुलींमध्ये शारीरिक बदल साधारण आठ ते तेरा, तर मुलग्यांमध्ये नऊ ते चौदा या वयात सुरू होतात. म्हणजे पुस्तक बोलू लागते तेव्हा शरीर बोलून मोकळे झालेले असते.

रायगडच्या किनाऱ्यावर ही दरी आणखी रुंद होते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथी किंवा सातवी-आठवीपर्यंत असते. पुढच्या वर्गांसाठी मोठ्या गावात जावे लागते. एसटीच्या वेळा, थांब्यावरची टवाळखोरी आणि संध्याकाळचा अंधार यांचा हिशेब मांडून अनेक घरांत मुलीची शाळा थांबवली जाते. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. छेड काढणारा मुलगा शाळेत जातच राहतो आणि शिक्षा मुलीला होते. तिला कितीही 'सावध राहा' शिकवले, तरी त्या मुलाला काहीच शिकवले नसेल, तर हा हिशेब बदलत नाही.

कातकरी वाड्यांची स्थिती याहून बिकट आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या आणि कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग भट्टीवर जातो. तेथे पाळीच्या दिवसांत पाणी नाही, आडोसा नाही आणि विचारायला कुणी नाही. शिक्षण तुटलेल्या मुलीचे लग्न लवकर होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. १५ ते १९ वयोगटातील ७.६ टक्के मुली पाहणीच्या वेळी आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. दहावीच्या पुस्तकातला धडा यांपैकी अनेकींना कधी दिसलाच नसेल. त्यामुळे हे शिक्षण पाचवी-सहावीपासून, वयानुरूप टप्प्यांत सुरू व्हायला हवे आणि परीक्षेच्या धावपळीत नव्हे, तर जूनपासून दिवाळीपर्यंतच्या सत्रात, सर्व मुले वर्गात असताना व्हायला हवे.

ताटातही लिंगभाव

लिंगभावाचा प्रश्न लैंगिक संबंधांपुरता नाही. त्याच सर्वेक्षणानुसार देशात १५ ते १९ वयोगटातील ५९.१ टक्के मुलींमध्ये आणि ३१.१ टक्के मुलग्यांमध्ये रक्तक्षय आढळला. पाळीतून होणारा रक्तस्राव हे या तफावतीचे एक कारण. दुसरे कारण स्वयंपाकघरात आहे. किनाऱ्यावर घरात मासळी येते. पण मोठा तुकडा कुणाच्या ताटात जातो आणि शेवटी उरलेले कालवण कोण पुसून खाते, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी मुलगे आणि मुली दोघांसाठी आहे. ती जेवणानंतर घ्यावी, तिच्यासोबत चहा घेऊ नये, लिंबू किंवा आवळा खाल्ल्यास लोह चांगले शोषले जाते, एवढे सांगून तास संपवता येईल. 'तुमच्या घरी सगळ्यांत शेवटी कोण जेवते?' हा प्रश्न विचारला, तर तोच तास लिंगभावाचा होतो. उत्तर मुलांनीच द्यायचे असते.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेतील पॉप्युलेशन कौन्सिलच्या संशोधक निकोल हेबरलँड यांनी २०१५ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या २२ लैंगिकता शिक्षण कार्यक्रमांची तुलना केली. ज्या १० कार्यक्रमांत लिंगभाव आणि सत्ता यांचा विचार होता, त्यांपैकी आठांमध्ये नको असलेली गर्भधारणा किंवा लैंगिक संसर्ग यांचे प्रमाण लक्षणीय घटले. ज्या १२ कार्यक्रमांत केवळ शरीर आणि प्रतिबंध यांचीच माहिती होती, त्यांपैकी फक्त दोनच यशस्वी ठरले. कारण उघड आहे. गर्भनिरोधकाची माहिती असूनही ते वापरण्याचा आग्रह धरण्याची मुभा मुलीला नसेल, तर ती माहिती कागदावरच राहते.

महाराष्ट्रातही अनुभव आहे. मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुला-मुलींसाठी 'जेम्स' हा लिंगसमता उपक्रम राबवला गेला. आंतरराष्ट्रीय स्त्री-संशोधन केंद्र (आयसीआरडब्ल्यू), 'कोरो' आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांचा तो संयुक्त प्रयोग होता. घरकाम कुणाचे, मारणे म्हणजे काय, नात्यात आदर कसा दिसतो, यांवर खेळ, नाट्य आणि चर्चा होत. मुलींच्या लग्नाचे वय वाढावे आणि घरकामात मुलग्यांनी वाटा घ्यावा, या मतांना मुलांचा पाठिंबा वाढला. हिंसक वर्तनाबाबतचे निकाल मात्र संमिश्र होते. एका-दोन वर्षांत सारे बदलत नाही, हेही त्यातून कळले. पुढे या उपक्रमाचे घटक राज्याच्या मीना-राजू मंचात घेतले गेले.

हरियाणातील सरकारी शाळांमध्ये असाच अडीच वर्षांचा कार्यक्रम झाला. त्याचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले आणि मुली, दोघांचेही विचार बदलले. पण प्रत्यक्ष वागण्यातला बदल मुलग्यांमध्ये अधिक दिसला. मुलींना मत बदलले तरी तसे वागण्याचे स्वातंत्र्य कमी असते. मुलग्यांना वर्गात बसवण्याचे याहून व्यवहारी कारण कोणते?

मुलींसाठीचे स्वतंत्र तास मात्र निरुपयोगी नाहीत. मराठवाड्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी वर्षभर रोज संध्याकाळी तासाभराचे जीवनकौशल्य वर्ग चालवले. त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यक वय १६ वरून १७ झाले. एक वर्ष ऐकायला लहान वाटते; पण कोवळ्या शरीरावर येणारे पहिले बाळंतपण एका वर्षाने पुढे गेले, तर आई आणि बाळ दोघांनाही त्याचा लाभ होतो. उत्तम पद्धत ही, की काही तास एकत्र आणि काही वेगवेगळे घ्यावेत. तोच विषय, तीच माहिती, पण दोघांनाही.

'शिकवले तर बिघडतील'

हा आक्षेप जुना आहे. २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमावर गदारोळ झाला आणि राज्यात तो थांबवला गेला. चित्रे अशोभनीय आहेत, संस्कृतीला धोका आहे, असे आरोप झाले. पालकांची काळजी खोटी नसते. मूल आपल्या हातून सुटेल, ही भीती खरी असते. पण पुरावा तिला दुजोरा देत नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये सुधारित मार्गदर्शिका काढली, तेव्हा २२ पद्धतशीर आढावे आणि ७७ नियंत्रित चाचण्या विचारात घेतल्या होत्या. लैंगिकता शिक्षणामुळे मुले लवकर संबंध ठेवू लागतात, असे आढळले नाही. उलट, अनेक ठिकाणी पहिला संबंध पुढे गेला आणि धोक्याचे वर्तन घटले.

मराठी समाजाला ही चर्चा परकी म्हणता येणार नाही. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैमध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चालवले. वाचकांच्या प्रश्नांना आडपडदा न ठेवता उत्तरे देण्यावरून त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. आज वर्गात ठेवली जाणारी निनावी प्रश्नपेटी म्हणजे त्या पत्रव्यवहाराचाच पुढचा टप्पा. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम आठ टक्के होत्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या या अभ्यासाने मौनाची किंमत आकड्यांत मांडली. पुढे त्यांनीच 'तारुण्यभान' शिबिरे सुरू केली. ती मुलगे आणि मुली, दोघांसाठी आहेत.

मांडव्याचा धडा

स्थानिक माणसांच्या हाती आरोग्याचे ज्ञान देण्याचा प्रयोग याच किनाऱ्यावर पन्नास वर्षांपूर्वी झाला आहे. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांच्या पुढाकाराने अलिबाग तालुक्यात मांडवा परिसरातल्या सुमारे ३० गावांत १९७०च्या दशकात एक आरोग्य प्रकल्प सुरू झाला. गावातल्याच, फारसे शिक्षण नसलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण दिले गेले. लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षय आणि कुष्ठरोग यांची कामे त्यांनी समर्थपणे केली. काही वर्षांनी स्थानिक पुढाऱ्यांच्या विरोधानंतर प्रकल्प थांबला. पण ज्ञान सोप्या भाषेत आणि ओळखीच्या माणसाकडून आले, तर लोक ते स्वीकारतात, हे सिद्ध झाले. विरोध ज्ञानाला कमी आणि त्यातून बदलणाऱ्या सत्तेला जास्त असतो, हेही.

शाळांसाठी यातून घेण्यासारखे बरेच आहे. वर्षातून एकदा शहरातून येणाऱ्या व्याख्यात्यापेक्षा गावातली आशा सेविका, शाळेतले विश्वासाचे शिक्षक आणि थोडा मोठा 'साथिया' मित्र-मैत्रीण यांचे बोलणे अधिक टिकते.

सोयी आहेत, वापर हवा

कागदावर यंत्रणा उभी आहे. जानेवारी २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाची मुले-मुली, दोघेही येतात. पोषण, मानसिक आरोग्य, व्यसने, हिंसा, असंसर्गजन्य आजार आणि लैंगिक-प्रजनन आरोग्य असे त्याचे सहा विषय आहेत. सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीच्या केंद्रांना राज्यात 'मैत्री क्लिनिक' म्हणतात. फेब्रुवारी २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमानुसार प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांनी, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, ११ विषयांवर तास घ्यायचे आहेत; त्यांत स्त्री-पुरुष समानता हा स्वतंत्र विषय आहे. म्हणजे मुलग्यांना बाहेर पाठवा, असे कोणतेही धोरण सांगत नाही. ती केवळ सवय आहे. बदलापूरच्या प्रकरणानंतर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही मुलग्यांना शिकवण्याची गरज स्पष्ट शब्दांत बोलून दाखवली.

कायद्याची माहितीही दोघांना हवी. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे, तिची संमती असली तरीही. एखाद्या मुलाने अत्याचाराबद्दल शिक्षकाला सांगितले, तर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणून 'कुणालाच सांगणार नाही' असे वचन देऊ नये. 'तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी चूक नाही, आता आपण मदत घेऊ', असे म्हणावे.

पालक आणि शिक्षकांसाठी

• पाळी येण्याआधीच, नऊ-दहा वर्षांच्या मुलीला आणि मुलालाही तिच्याबद्दल सांगावे. पॅड आणायला मुलालाही दुकानात पाठवावे.

• पाळीची पहिली दोन वर्षे ती अनियमित असू शकते. पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, तासाला पॅड भिजू लागले किंवा दुखण्याने शाळा बुडू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे.

• मुलीत तेराव्या आणि मुलग्यात चौदाव्या वर्षापर्यंत वयात येण्याचे कोणतेच लक्षण दिसले नाही, तर तपासणी करून घ्यावी.

• वृषणात अचानक तीव्र वेदना झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

• प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर 'विचारून सांगतो' म्हणावे आणि खरोखरच सांगावे.

• अडचणीत असलेल्या मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे निःशुल्क क्रमांक वर्गात लिहून ठेवावेत.

आरोग्य पथक पुढच्या वेळी शाळेत येईल, तेव्हा मुख्याध्यापकांनी एकच बदल करून पाहावा: मुलग्यांसाठीही एक वर्ग, एक शिक्षक आणि एक प्रश्नपेटी ठेवावी. खर्च फार नाही. पुठ्ठ्याचा एक खोका पुरतो. त्यात पडलेल्या चिठ्ठ्या वाचल्या, की इतकी वर्षे मैदानावर पाठवलेली मुले कोणत्या काळज्या एकटीच वाहत होती, ते आपोआप समजेल.